खिडकीत राहिलेली पूड

आमच्या सरांच्या जेवणाच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली असायची. "बटाटा. उकडून मग परतलेला. सकाळी ६.४०. झाकण ठेवून." भाजी तेच करायचे, चिठ्ठीही तेच लिहायचे. मी पहिल्याच आठवड्यात न राहवून विचारलं, "सर, हे वाचतं कोण?"

"मी."

"पण आपल्याला माहीतच असतं की."

"सकाळी माहीत असतं. दुपारी दीड वाजता मला भूक लागलेली असते, आणि भुकेल्या माणसाच्या आठवणीवर मी विश्वास ठेवत नाही. आपण ठेवता का?"

मी तेव्हा कर्वेनगरच्या एका फार्मसी कॉलेजात एम. फार्म. करत होते आणि सदाशिव पेठेत एका खोलीत तिघींबरोबर राहत होते. सर आमच्या वनौषधी विभागाचे प्रमुख आणि माझे गाईड. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. प्रवेशाच्या वेळी सगळ्यांनी सांगितलं होतं, "दुसरा गाईड मिळत असेल तर बघ." नाही मिळाला. आज कोणी विचारलं तर मी म्हणते की मीच निवड केली होती, पण ते खोटं आहे.

सरांचा एकच प्रश्न होता, आणि तो ते सगळ्यांना विचारायचे. कसं? मी म्हणायचे, "सर, अर्क तयार झाला." ते म्हणायचे, "कसा?" मी म्हणायचे, "सर, उशीर झाला." तेव्हाही, "कसा?" आणि "बस चुकली" हे उत्तर त्यांना पुरायचं नाही. किती वाजता निघालात, थांब्यावर किती वाजता पोचलात, हे सगळं सांगावं लागायचं, आणि सांगता सांगता आपण उशिरा उठलो होतो हे आपल्याच तोंडून बाहेर पडायचं. एकदा एका सहकाऱ्याने हौसेने बातमी दिली की मुलीचं लग्न ठरलं. सर म्हणाले, "कसं?" ते सहकारी दोन दिवस बोलत नव्हते.

"काय केलं ते कोणीही सांगतं हो," सर म्हणायचे. "त्यात काही विद्या नाही. कसं केलं ते सांगा."

सर पुण्यातल्या जुन्या मुसलमान कुटुंबातले. आजोबांचं शनिवार पेठेत काष्ठौषधींचं दुकान होतं, आणि लहानपणी सर तिथे पोत्यावर बसून गिऱ्हाइकांना कडू काढ्यांच्या पुड्या बांधून द्यायचे. मराठी अशी, की माझ्या गावच्या मास्तरांनी टिपून घ्यावी. एकदा एका चर्चासत्राला आलेले पाहुणे प्राध्यापक चहाच्या वेळी म्हणाले, "आपण मराठी फार छान बोलता हो!" सरांनी कप खाली ठेवला. "आपणही बरं बोलता," ते म्हणाले. "सराव ठेवा."

चहाही त्यांना काढ्यासारखाच लागायचा. कॅन्टीनवाल्याला ताकीद होती, दहा मिनिटं उकळल्याशिवाय कप पुढे करायचा नाही. एरवी सगळीकडे घाई असलेला तो माणूस सरांचा चहा चढवला की घड्याळाकडे बघत उभा राहायचा. "पानाला घाम फुटल्याशिवाय ते काही देत नाही," हे सरांचं आवडतं वाक्य. आम्ही मुलं पाठीमागे त्यांना 'काढासर' म्हणायचो. त्यांना हे माहीत होतं. एकदा हजेरीच्या वहीत मीच चुकून तसं लिहिलं, तर त्यांनी खाली लाल शाईने लिहिलं, "किती वेळ उकळलेले?"

या उकळण्यामागे एक इतिहास होता, आणि तो प्राचार्यांच्या खोलीबाहेर काचेच्या चौकटीत लावलेला होता. पंचवीसएक वर्षांपूर्वी तरुण असताना सरांनी अडुळशाच्या पानांवर काम केलं होतं. कापलेलं सफरचंद हवेने काळं पडतं. तसंच शरीरातही काही बिघडत असतं, आणि ते बिघडणं रोखायची ताकद काही पानांत असते. त्या ताकदीला पुस्तकात मोठं नाव आहे. सर तिला नुसतं 'दम' म्हणायचे. दम मोजायची रीत सोपी आहे. एक गर्द जांभळं द्रावण असतं, त्यात पानांचा अर्क थेंबाथेंबाने घालायचा. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उडून पिवळसर होतो. जितक्या कमी अर्कात रंग उडाला, तितका दम जास्त.

प्रश्न होता तो अर्क काढायचा कसा याचा. एक पद्धत उष्णतेची. सॉक्सलेट नावाचं काचेचं उपकरण असतं. खाली अल्कोहोल उकळतं, वाफ वर चढते, थंड होऊन पानांच्या पुडीवर ठिबकते, खाली उतरते, पुन्हा उकळते, असं तासन् तास. दुसरी पद्धत गरिबाची. पूड अल्कोहोल आणि पाण्यात भिजवून तीन दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवायची, मधूनमधून हलवायची. सरांनी दोन्ही करून पाहिलं आणि दाखवून दिलं की सॉक्सलेटचा अर्क भिजवलेल्या अर्कापेक्षा कितीतरी दमदार. चौकटीतला तो आलेख म्हणजे आमच्या कॉलेजची शान होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना रांगेने नेऊन दाखवायचे. अडुळशाचा अर्क बनवणारे लोक त्या आलेखाच्या आधाराने पानं तापवत होते. काहींनी त्यावर पीएच.डी. केली होती.

मला सरांनी विषय दिला तोच. "माझाच प्रयोग नव्या यंत्रावर परत करा," म्हणाले. "सोपा आहे. उत्तर माहीत आहे. आपण फक्त व्यवस्थित करा."

मी व्यवस्थित केला. कॉलेजच्या बागेतली पानं सकाळी खुडली, सावलीत सुकवली, दळली, अर्धी सॉक्सलेटला लावली आणि अर्धी भिजवली. निकाल उलटा आला. भिजवलेल्या अर्काने जांभळा रंग क्षणात उडवला, सॉक्सलेटचा अर्क बिचारा रेंगाळत राहिला.

मला वाटलं, माझंच चुकलं. परत केला. परत तेच. पानं बदलली, अल्कोहोलची नवी बाटली फोडली, यंत्र पुसून काढलं. सात वेळा केला आणि सातही वेळा तेच. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मी सरांना "चालू आहे, सर" एवढंच सांगत होते. मला जूनमध्ये एका औषध कंपनीत नोकरी लागणार होती, पण पदवी हातात पडली तर. वडिलांनी गावात सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. शेवटी एका रविवारी खोलीवर बसून मी जे करायचं ते केलं. आकडे जुळवले. सरांच्या आलेखासारखा आलेख काढला, थोडा इकडेतिकडे वाकडा, खरा वाटावा म्हणून.

सोमवारी तो सरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"सुंदर आहे," म्हणाले.

"थँक यू, सर."

"फार सुंदर आहे. इतकं सुंदर पान देत नाही. हे आपण दिलंय." मग नेहमीचं विचारलं, पण इतकं हळू की त्यापेक्षा त्यांचं रागावणं परवडलं असतं. "कसं?"

मी रडले. मला रडायला आवडत नाही आणि चारचौघांत तर मुळीच नाही, पण रडले. पिशवीतून खरी वही काढून दिली. सर वाचत बसले. सातही प्रयोग, एकेक ओळ. मी समोर उभी. बऱ्याच वेळाने त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "खोटा आलेख फाडा. उद्या साडेसातला या. हात मी लावणार, आपण बघायचं."

पुढचे तीन आठवडे साठीला टेकलेल्या त्या माणसाने स्वतः पानं खुडली, देठ काढले, सावलीत पसरली, दळली, वजनं केली. मला काट्याला हात लावू दिला नाही. निकाल माझाच आला. त्यांनी परत केला. माझाच आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "अभिनंदन. आपण बरोबर आहात." आणि लगेच, "मग मी चुकलो कसा?"

त्या प्रश्नाने त्यांना दुसरं काही सुचू देईना. मला तर वाटलं होतं, मोठी माणसं अशा वेळी यंत्राला, हवामानाला, मला, कोणाला तरी दोष देऊन मोकळी होतात. सरांनी अडगळीच्या खोलीची किल्ली मागवली. दोन दिवस आम्ही धुळीत शिंकत जुन्या वह्या उपसल्या. सापडली. त्यांचंच तरुणपणीचं किरटं अक्षर, आणि प्रत्येक ओळीला वेळ.

मी मोठ्याने वाचत होते. "खंडेनवमी. नवीन सॉक्सलेट आलं. यंत्रपूजा. झेंडूची माळ घातली. मुहूर्त म्हणून आजच पानं दळली, ताजी पूड लगेच लावली." पुढे आठ-दहा दिवस सॉक्सलेटच सॉक्सलेट. मग दिवाळीची सुट्टी. मग थेट, "तुळशीचं लग्न झालं. आज भिजवणं सुरू. पूड तीच, खिडकीतल्या बरणीतली."

मी थांबले. सरांनी हात पुढे करून वही घेतली आणि ती ओळ स्वतः वाचली.

नव्या काचेचा मान म्हणून सॉक्सलेटला ताजी पूड मिळाली होती. भिजवायला जी मिळाली ती महिनाभर पश्चिमेच्या खिडकीत, पारदर्शक बरणीत, उन्हात भाजत पडलेली. दम होता तो तिथेच उडून गेला होता. भिजवणं कमी पडलं नव्हतं, पूड शिळी होती. सगळं वहीत लिहिलेलं होतं, वेळेसकट, आणि पंचवीस वर्षं कोणी ते वाचलं नव्हतं. सरांनीही.

"पूजा यंत्राची केली," सर म्हणाले, "आणि पान ठेवलं खिडकीत."

मला वाईट वाटलं. "सर, ते अनवधानाने झालं."

"अनवधान नाही. उत्तर मनासारखं आलं ना. आमच्या आजोबांनी जन्मभर काढा विकला, मला काढाच जिंकायला हवा होता. आवडीचं उत्तर आलं की माणूस पुढचं विचारत नाही." मग उठून हात झटकले. "चला. एक स्वच्छ बरणी आणा."

चूक कबूल करायची तर ती करून दाखवली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आम्ही ताजी पूड दळली. निम्मी तपकिरी बाटलीत भरून अंधाऱ्या कपाटात, निम्मी त्याच खिडकीत, तशाच बरणीत. बरणीवर चिठ्ठी: "मुद्दाम ठेवलेली. हलवू नये. झाकूही नये." महिनाभर थांबायचं. सरांच्या नोकरीचे मोजके महिने उरलेले आणि त्यातला एक त्यांनी बरणीला दिला. मी दर दोन दिवसांनी विचारायचे, "सर, आता काढू या का?" ते म्हणायचे, "आपल्याला घाई आहे. उन्हाला नाही."

महिन्याने दोन्हीकडची पूड भिजवली. कपाटातलीचा दम शाबूत होता; खिडकीतलीचा अर्क सॉक्सलेटच्या अर्कापुढे लंगडा निघाला. चौकटीतल्या आलेखासारखा आलेख आमच्या हातात आला, जवळजवळ रेघेवर रेघ. आपली चूक इतकी तंतोतंत जुळल्याचा आनंद झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. ते चक्क टाळी वाजवून हसले. त्या दिवशी कॅन्टीनवाल्याला मी म्हटलं, आता सरांचा चहा कमी उकळला तरी चालेल, तर सर मागून ओरडले, "चहा वेगळा, अडुळसा वेगळा!"

ज्या नियतकालिकात तो जुना लेख छापून आला होता, त्यांना सरांनी दुरुस्तीचं पत्र लिहिलं. ते नियतकालिकच बंद पडलं होतं. "छापणारे गेले, चूक मात्र ठणठणीत आहे," सर म्हणाले. म्हणजे आता दुरुस्ती कायमची नोंदवायला एकच जागा उरली होती. माझा प्रबंध.

चौकटीखाली त्यांनी एक चिठ्ठी डकवली: "हा आलेख चुकीचा आहे. कारण विभागात येऊन विचारावे." प्राचार्यबाईंनी ती काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी होती. बाईंनी तीही काढली. हे आठवडाभर चाललं आणि आम्ही मुलं रोज येताना बघायचो, आज कोणाची सरशी.

शेवटी बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. त्या वाईट नव्हत्या, त्यांना कॉलेज चालवायचं होतं. "सर, पाहणी समिती येतेय," त्या म्हणाल्या. "आपले दोन महिने राहिलेत. छान निरोप घ्या ना. पंचवीस वर्षांत कोणाचं काय बिघडलं?"

"माझ्या शब्दावर लोक पंचवीस वर्षं चांगली पानं शिजवतायत, मॅडम. एवढं पुरेसं बिघडलं."

सर बाहेर गेल्यावर बाईंनी मला थांबवलं. "तू तुझं बघ," त्या म्हणाल्या. "बाहेरून जे परीक्षक येणार आहेत, त्यांची पीएच.डी. याच आलेखावर उभी आहे. तू त्यांच्या तोंडावर सांगणार की ते चूक? ते प्रबंध परत पाठवतील, सहा महिने जातील, तुझी नोकरी जाईल. भिजवण्याचं प्रकरण गाळून टाक. नुसतं सॉक्सलेट ठेव. तेही खरंच आहे ना?"

खोटं नव्हतं, हीच अडचण होती. मी दोन रात्री झोपले नाही आणि तिसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, "सर, मी ते प्रकरण वगळते. मला नोकरी हवी आहे."

मला वाटलं, चिडतील. ते खुर्चीत मागे रेलून बसले. पावणेदोन वर्षांत त्यांनी मला 'आपण' सोडून काही म्हटलं नव्हतं; त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले, "हे बघ, तुझी नोकरी गेली तर ते माझं पाप. म्हणून मी तुला ठेव म्हणणार नाही. प्रबंध तुझा आहे." मग पुढे म्हणाले, "पण तू वगळलंस तर माझ्याजवळ दुसरी जागा नाही."

त्यांनी आग्रह केला असता तर मी नाही म्हटलं असतं. हे मी आज सरळ सांगते. त्यांनी केला नाही, म्हणून मला खोलीवर जाऊन स्वतःच ठरवावं लागलं, आणि मला माझाच राग आला. सात वेळा प्रयोग मी केला होता. रडले मी होते. आणि आता कोणा न पाहिलेल्या परीक्षकाच्या धाकाने मी माझंच खरं उत्तर पुसायला निघाले होते. मी प्रकरण ठेवलं. ठेवलं तर ठेवलं, त्याला मोठं केलं. खंडेनवमी, झेंडू, खिडकी, बरणी, सगळं घातलं. सरांनी त्यात एक पान स्वतः लिहून खाली सही केली: चूक माझी, शोध या विद्यार्थिनीचा.

तोंडी परीक्षा मे महिन्यात झाली, सरांच्या निवृत्तीच्या आठवडाभर आधी. परीक्षक दुसऱ्या शहरातून आलेले, उंच, गंभीर, पांढऱ्या मिशा. प्राचार्यबाई कोपऱ्यात. गाईडने अशा वेळी गप्प बसायचं असतं, म्हणून सर हाताची घडी घालून बसले होते. परीक्षकांनी ते प्रकरण उघडलं, तिथे बोट ठेवलं आणि विचारलं, "तुमच्या गाईडचा छापलेला निष्कर्ष एक, आणि तुमचा नेमका उलटा. मी कोणाचा मानू?"

"माझा माना, सर," मी म्हटलं. "सात वेळा मी केलाय, तीन वेळा सरांनी स्वतः. आणि त्यांची चूकही आम्ही परत करून बघितली आहे."

सरांचं सही केलेलं पान त्यांनी वाचलं. मग पान उलटून खिडकीतल्या बरणीचा फोटो बघत राहिले. इतका वेळ, की बाईंनी घसा खाकरला. परीक्षकांनी वर पाहिलं, पण माझ्याकडे नाही, सरांकडे.

"तुमची खिडकी पश्चिमेची होती?"

"पश्चिमेची."

"माझी दक्षिणेची," ते म्हणाले. "मी सगळी पूड जूनमध्येच दळून ठेवायचो. तीन वर्षांचं काम. बरण्या खिडकीशीच होत्या."

मला त्यांच्यापुढे उभं राहवेना. तीन वर्षं, पीएच.डी., त्यानंतरची सगळी नोकरी, आणि माझ्यासारखी पोर पुढ्यात. सर उठले, गाईडने उठायचं नसतं तरी उठले, आणि आपली खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.

"आपली परतीची गाडी कितीची आहे?"

"रात्रीची."

"मग वेळ आहे. बागेत अडुळसा आहे, आणि प्रयोगशाळेची किल्ली एकतीस तारखेपर्यंत माझ्याकडे आहे. आज पानं सावलीत घालू. पुढचं मी करतो, रोज कळवतो. आधी हिला मोकळं करा."

परीक्षकांनी माझ्या कागदावर सही केली. उत्तीर्ण. कोणी अभिनंदन केलं नाही, कोणाला आठवलंच नाही. दोघे ॲप्रन अडकवून बागेकडे गेले आणि टोपलीभर पानं घेऊन प्रयोगशाळेच्या टेबलाशी समोरासमोर बसले. मी दारात उभी होते. मला घरी फोन करायचा होता आणि तिथून हलवत नव्हतं.

परीक्षकांनी एक पान हातात घेतलं आणि तसंच धरून बसले. "आता या वयात लोक हसतील हो," ते म्हणाले.

"हसू द्या," सर म्हणाले. "आपण देठ खुडा."